कोंबडी रुसली? कारण शोधा!

मुलांनो, घरची कोंबडी आठ-दहा दिवस अंडं देईनाशी झाली, की मोठी माणसं काय म्हणतात? "नुसतीच खातेय, काढून टाका तिला!" मग ती बाजारात तरी जाते, नाहीतर रस्सा होऊन ताटात तरी येते. पण थांबा! अंडं बंद होण्यामागे काहीतरी कारण असतंच. ते तुम्ही शोधून काढलंत, तर तुमच्या लाडकीचा जीव वाचू शकतो.

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, त्वरितादेवीचं तलवाडा आहे. अशा गावातल्या अंगणात फिरणारी गावरान कोंबडी डोळ्यांसमोर आणा, आणि चला तपासाला!

चोरून तर घालत नाही ना?

आधी कडब्याची गंज बघा, पऱ्हाट्यांच्या ढिगामागे वाकून बघा. मोकळी कोंबडी आडोशाची जागा हेरते आणि गुपचूप तिथंच अंडी घालते. सकाळी तिच्यावर लांबून नजर ठेवा. पण हात घालताना जपून! अंड्यांच्या वासावर साप येतो. काठीने चाचपा, किंवा मोठ्या माणसाला बोलवा.

की सुट्टीवर आहे?

जागा सोडत नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर येते? मग ती खुडूक झालीय. तिला २१ दिवस अंडी उबवायचीत. पिल्लं नको असतील तर काही जण तिला गार पाण्यात बुडवतात. तसं करू नका. खालून वारा लागेल अशा जाळीच्या खुराड्यात, दाणापाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवा.

अंगणभर पिसं पडलीत? मग जुनी पिसं झडून नवी येताहेत. पिसं बनतात प्रथिनांची. म्हणून शेंगदाण्याची पेंड, वाळवी, किडे असा खाऊ द्या.

आणि थंडीत? कोंबडीचं शरीर उजेडावर चालतं. भरपूर अंडी द्यायला तिला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरातला दिवस असतो जेमतेम ११ तासांचा. म्हणजे हा आळस नव्हे, निसर्गाचं वेळापत्रक आहे!

कवच मऊ का?

एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले २० तास जातात नुसतं कवच चढवायला. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाण्यातून मिळालं नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते! म्हणून शिंपल्यांचा चुरा वाटीत ठेवा. घरातली अंड्यांची टरफलं भाजून, अगदी बारीक करून दिली तरी चालतात. मोठे तुकडे मात्र नकोत, नाहीतर तिला अंडी फोडून खायची सवय लागायची.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत. कोंबडीला घाम येत नाही. मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेला, की ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवचासाठी तोही हवा असतो! म्हणून कवच पातळ होतं. उपाय साधा: दाट सावली आणि दिवसभर गार पाणी.

ही मात्र धोक्याची घंटा!

कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात उभी आहे. शेपटी खाली, खाणं बंद, सारखी कुंथतेय, पण अंडं येत नाही. म्हणजे अंडं अडलंय! अशी कोंबडी एक-दोन दिवसांत दगावू शकते. घरातल्या मोठ्यांना लगेच हाक मारा.

टोपलीत... नव्हे, पसरट घमेल्यात कोमट पाणी घ्या. बाळाच्या अंघोळीइतकं कोमट, कढत नको. तिचं मागचं अंग १५-२० मिनिटं त्यात बुडेल असं धरा. मग कोरडं करून अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवा. पोट दाबू नका, बोटं घालू नका, अंडं आत फोडू नका. कवचाचा तुकडा आत लागला तर जखम होते. तासा-दोन तासांत अंडं आलं नाही, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देऊ शकतात, कारण अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतंच.

एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या, माना वाकड्या झाल्या, तर ती मानमोडी असू शकते. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. या रोगावर लस आहे, पण ती आधीच टोचून घ्यावी लागते.

आता एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, अंडं मिळालं त्या दिवशी एक गोल काढा. पिसं झडू लागली, खुडूक झाली, की तेही लिहा. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "काढून टाका तिला," की ते कॅलेंडर पुढे करा. आणि हो, कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायला विसरायचं नाही!