उर्दू, मराठी, इंग्रजी : प्रत्येकीला वेगळे बटण

मालेगाव-भिवंडीच्या कापड व्यापाऱ्याचे एका भाषेत भागत नाही. बिल इंग्रजीत, महापालिकेचा अर्ज मराठीत आणि लूमवाल्या कारीगराला चिठ्ठी उर्दूत. कॉम्प्युटरवर तिन्ही भाषा बसवता येतात. अडचण येते ती एकीतून दुसरीत जाण्याची.

विंडोजमध्ये डावे ऑल्ट व शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. दोन भाषा असतील तर ठीक. तीन झाल्या की फेरा सुरू. मुनीम मान खाली घालून पार्टीचा १५ अक्षरी जीएसटी नंबर मारतो, वर पाहतो तो भलतीच लिपी! पासवर्डच्या रकान्यात तर नुसते ठिपके दिसतात, लिपी चुकल्याचे कळतही नाही. महिन्याची २० तारीख, ३बी भरायची घाई आणि पासवर्ड 'चुकीचा'. मग पोर्टलच्या नावाने बोटे मोडणे आलेच.

यावर इलाज फुकटचा आहे. प्रत्येक भाषेला स्वतंत्र बटण नेमून द्यावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असे जात 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडावे. तिथे भाषांची यादी दिसते. एकेक भाषा निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबावे, 'एनेबल'च्या चौकोनात खूण करावी आणि आकडा ठरवावा. आमच्या मते इंग्रजीला १, मराठीला २, उर्दूला ३. आता कितीही वेळा दाबा, ३ म्हणजे उर्दूच.

आकड्यासोबत कंट्रोल-शिफ्ट मात्र घेऊ नये. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ रकमेची मांडणी बदलते आणि ३ ने आकड्याची तारीख होते. हिशेबाच्या तक्त्यात असा घोळ कोणाला परवडेल? डावे ऑल्ट-शिफ्ट घ्यावे. त्याच यादीत 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' ही ओळ असते, ती 'नॉट असाइन्ड' करावी, म्हणजे जुना फेरा बंद होतो.

ही सोय त्या एका मशीनपुरतीच असते. दुकानात दोन कॉम्प्युटर असतील तर दोन्हीकडे हेच आकडे ठेवावेत आणि पुठ्ठ्यावर लिहून पडद्याशेजारी चिकटवावेत. मुनीम रजेवर गेला तरी मुलाला बसता आले पाहिजे.

इंग्रजीत 'इंग्लिश (इंडिया)' कीबोर्ड घेतला असेल तर आणखी एक फायदा. उजवे ऑल्ट व ४ दाबले की २०१० साली मंजूर झालेले ₹ चिन्ह उमटते. बिलावर 'आरएस' लिहिण्याची गरज उरत नाही.