एकसष्टावं मूल

1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पालकाचं काम एकच होतं: मूल शाळेत धाडणं. नाही धाडलं तर दरमहा एक रुपया दंड. त्या काळातला एक रुपया! ज्या घरात पोरगं गुरांमागे जाई, तिथे तो रुपया चांगलाच झोंबत असणार. महाराजांची तळमळ खरी होती, पाऊल काळाच्या फार पुढचं होतं. पण शाळा कशी चालावी हे त्या पालकाला कुणी विचारणार नव्हतं.

आता 2009 चा शिक्षण हक्क कायदा उघडा. मूल शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं कलम 10 सांगतं, पण त्यासोबत पालकाला दंड मात्र नाही. आणि पुढे कलम 21 वर आलात की क्षणभर थांबावंच लागतं. प्रत्येक सरकारी शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिती हवी, आणि तिच्यात किमान 75 टक्के सदस्य त्या शाळेतल्या मुलांचे आईवडील किंवा पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. ज्याच्याकडून दंड वसूल करायचा, त्यालाच शंभर वर्षांच्या आत बहुमत देऊन टाकलं!

महाराष्ट्रात ही समिती 12 ते 16 जणांची असते. सोळा जण धरले तर बारा पालक. उरलेल्या जागांत निवडून आलेला एखादा स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षकांचा प्रतिनिधी, शिक्षणातला कुणी जाणकार. अध्यक्ष कोण? पालकांपैकीच एक. आणि मुख्याध्यापक? ते सदस्य-सचिव. बैठक बोलवायची, इतिवृत्त लिहायचं, कागद सांभाळायचे. ज्या दारात पालक वर्षानुवर्षं चप्पल काढून, हात जोडून उभे राहिले, तिथे शेतमजुरी करणारी आई अध्यक्षाच्या खुर्चीत आणि गुरुजी तिच्या शेजारी वही घेऊन, अशी मांडणी कायद्याने केली आहे.

याहून मोठं नवल पुढे आहे. शहरातल्या विनाअनुदानित खासगी शाळेत लाखभर फी भरणाऱ्या पालकाला हा अधिकार नाही, कारण कलम 21 अशा शाळांना लागूच होत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर खासगी अनुदानित शाळांतही समितीचं काम सल्ल्यापुरतं राहिलं. म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेखीचा पुरता हक्क कुणाला? तर जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत मूल घालणाऱ्याला. पैशाने विकत न मिळणारी ही गोष्ट आहे, आणि ती नेमकी ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना मिळाली आहे.

पण खुर्ची मिळाली म्हणजे कारभार जमला असं थोडंच? स्वतः चौथीत शाळा सोडलेल्या माणसाने शाळेचा दर्जा कसा तपासायचा? या कायद्याची खरी कमाल मला इथे दिसते. त्याच्या शेवटी एक छोटंसं परिशिष्ट आहे. पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा आणि 800 तास शिकवणं. सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. मुलांना आणि मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, ग्रंथालय, मैदान, कुंपण. दर्जा म्हटलं की मोठमोठे शब्द आठवतात, पण इथे सगळं मोजता येतं, डोळ्यांनी बघता येतं. नळाला पाणी आहे की नाही हे सांगायला कुठली पदवी लागते?

पोषण आहाराचंच बघा. प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ. आज शाळेत 58 मुलं हजर असतील, तर शिजायला हवेत 5 किलो 800 ग्रॅम. घरी रोज मापाने तांदूळ घेणाऱ्या बाईला हा हिशेब सांगावा लागतो का? आहारावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे, आणि या तपासणीत आई साहेबापेक्षा तरबेज असते.

आता या यंत्रणेच्या मुळाशी जाऊ. समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो: तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. केंद्राच्या नमुना नियमांत त्याचा क्रमही दिला आहे. आधी इयत्तावार मुलं किती असतील त्याचा अंदाज, त्यावरून शिक्षक किती लागतील, मग खोल्या आणि सोयी, आणि सगळ्यात शेवटी पैसा. लग्नघरात आधी पानं किती उठणार ते ठरतं आणि मग किराण्याची यादी होते, तसंच हे. आराखड्यावर अध्यक्ष आणि सचिव सह्या करतात आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत तो स्थानिक प्राधिकरणाकडे जातो. शाळेला काय हवं ते वरून ठरून खाली यायचं, त्याऐवजी मागणी गावातून निघून वर जाते!

हे आकडे काय करू शकतात? समजा, पाचवीपर्यंतची एक शाळा आहे आणि पटावर 58 मुलं. परिशिष्टाप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक; 61 ते 90 मुलांना तीन. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर तीन मुलं आहेत, शाळेत कधी न गेलेली. समितीतल्या दोघी-तिघी संध्याकाळी तिथे जातात. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्या भट्टीवरच्या आईला पटवून देतात. वयाप्रमाणे वर्गात बसवून, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण देण्याची सोयही कायद्यातच आहे. तिघं येतात. पट 61. एका मुलाच्या नावाने दोन शिक्षकांची शाळा तीन शिक्षकांच्या शाळेवर हक्क सांगू लागते! ते एकसष्टावं मूल स्वतः शिकतंच, पण उरलेल्या साठांनाही शिक्षकाचा अधिक वेळ मिळवून देण्याची वाट उघडतं.

प्रत्यक्षात पद मंजूर होणं राज्याच्या संचमान्यतेवर, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची याच्या मंजुरीवर, ठरतं. तिचे निकष शासन बदलत असतं आणि त्यावरून वाद होतात. म्हणूनच परिशिष्टातली ही ओळ पालकांना ठाऊक असणं मोलाचं. मागणी करताना हातात निवेदनाबरोबर कायदाही असतो.

मान्य, बऱ्याच गावांत समिती वहीतच राहते. नियमाप्रमाणे महिन्यातून एकदा तरी बैठक व्हायला हवी. होते ती वहीतल्या सह्यांपुरती. दोष पालकांच्या अनास्थेला द्यायची आपल्याला सवय आहे आणि मला ती अन्यायाची वाटते. सकाळी अकराला बैठक ठेवली की रोजंदारीवरच्या बाईचा तो दिवस बुडतो. बैठक संध्याकाळी ठेवा, सही घेण्याआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा, जमाखर्च फलकावर लिहा. वर्षाच्या हिशेबावर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्याही सह्या लागतात. ती सही वाचून, समजून व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

हे पालक केवढी जबाबदारी पेलू शकतात, ते बीडसारख्या जिल्ह्यात दिसतं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, कारखान्यांकडे निघतात. आईबाप गेले की पोरंही पाठोपाठ जातात आणि पुढचे पाच-सहा महिने शाळा सुटते. यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. आईवडील फडावर, मुलं गावातच. त्यांच्या जेवणाची आणि देखभालीची व्यवस्था कुणी बघायची? ही वसतिगृहं चालवण्याचं काम आलं शाळा व्यवस्थापन समितीकडे. जे पालक गावात राहिले, ते गेलेल्यांच्या मुलांना सांभाळणार. किराणा आणणं, स्वयंपाक करणाऱ्या बायका ठरवणं, मुलं मोजणं, रात्री ती आजीआजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे नीट पोचली ना हे पाहणं. असं केलेल्या गावात मूल पटावरही राहतं आणि वर्गातही. आणि पट टिकला की शिक्षकांची पदं मागण्याचा आधारही टिकतो.