धनुष्यासाठी धामण

सातारा जिल्ह्यातलं खंडाळा ओलांडून खंबाटकी घाट चढताना दिसणारी बाभूळ कणखर असते. बैलगाडीच्या चाकाला ती हवीच. धनुष्याला मात्र नुसता कणखरपणा पुरत नाही. वाकून पुन्हा सरळ होणारं लाकूड लागतं, आणि सह्याद्रीच्या पानझडी रानात ते धामणीचं. संस्कृतात या झाडाला ‘धन्वन’च म्हणतात! कावडीची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा यांसाठीही धामणच आवडीची, कारण तिचे तंतू लांब आणि चिवट असतात.

धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मोडतं ते बहुधा ताणाच्या बाजूनं. म्हणून दांडा निवडताना रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावते का, हे आधी पाहावं. गाठ असेल तर तो दांडा सोडावा. बाहेरच्या बाजूचे तंतू तासताना तुटू देऊ नयेत. लाकूड सावलीत सावकाश वाळवावं, टोकांना मेण लावावं; नाहीतर तडे जातात.

धामण नसेल तर भरीव बांबू. कातकऱ्यांच्या आणि भिल्लांच्या तिरकमठ्याला बांबूच ओळखीचा. त्याची चकचकीत साल बाहेरच ठेवावी, सर्वांत मजबूत तंतू तिथेच असतात. लाकूड मात्र स्वतःच्या बांधावरचं घ्यावं, राखीव जंगलातलं नव्हे.