स्टेपनी पुऱ्या मापाची हवी

नवी गाडी घेताना आपण बॉनेट उघडून बघतो, एसी लावून बघतो, मागच्या सीटवर आईला बसवून पायांना जागा पुरते का ते विचारतो. डिकीतली चटई उचलून खाली काय ठेवलंय, हे मात्र क्वचितच कोणी बघतं. बघितलं तर अनेक छोट्या गाड्यांत, त्यातही वरच्या मॉडेलमध्ये, चार चाकं चकचकीत अलॉयची आणि पाचवं काळ्या पत्र्याचं, अंगानं बारीक, असं दिसतं.

टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे वाचले की फरक नेमका कळतो. समजा चार चाकांवर १८५/६५ आर १५ लिहिलंय आणि स्टेपनीवर १६५/८० आर १४. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे त्याचा. शेवटचा रिमच्या व्यासाचा, इंचांत. गुणाकार-बेरीज केली तर पहिल्या चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिमी येतो आणि दुसऱ्याचा ६१९.६. जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक! रिम एक इंचानं लहान, पण टायर तेवढाच उंच घेऊन कंपनीच्या अभियंत्यांनी हिशेब जुळवलेला असतो. भार पेलण्यातही हे चाक कमी पडत नाही. त्यावर ८५ हा भारांक असेल तर ते ५१५ किलो पेलतं. छोट्या गाडीच्या एका चाकाला एवढं पुरतं.

मग बिघडतं कुठे? रुंदीत. २० मिमी रबर कमी, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड कमी. तीन चाकं एका जातीची आणि एक दुसऱ्या जातीचं असलं की जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर गाडी नेहमीसारखी वागेलच असं नाही. म्हणून अशा चाकावर बहुधा ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली असते. परदेशी आणि महागड्या गाड्यांत मिळतं ते ‘टी’ अक्षरानं सुरू होणारं तात्पुरतं चाक याहून बारीक असतं आणि त्यात ६० पीएसआय हवा भरावी लागते. त्याचा उपयोग एकच, जवळच्या टायरवाल्यापर्यंत पोचायचं.

‘जवळच्या’ या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. तीन वर्षांपूर्वी गणपतीला पुण्याहून सावंतवाडीला निघालो होतो. आजरा सोडून आंबोलीकडे लागलो, संध्याकाळ झालेली, धुकं आणि पाऊस. पाण्यानं भरलेला खड्डा दिसलाच नाही. पुढचं डावं चाक आदळलं आणि टायर बाजूनं बोटभर फाटला. डिकीत मखराचे तुकडे, तांदळाची पिशवी, फटाक्यांचं खोकं, सगळ्यांचे कपडे. ते सगळं पावसात बाहेर काढलं तेव्हा तळाशी ते बारीक चाक हाती लागलं.

इथे खरी अडचण सुरू झाली. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. पुढे दोन्ही चाकं सारखी असलेली बरी, म्हणून बारीक चाक मागे लावायचं आणि मागचं चांगलं चाक काढून पुढे आणायचं. स्टेपनीचा व्यास खरंच लहान असेल तर हे आणखी महत्त्वाचं. ते चाक जास्त फेरे घेतं, पुढे लावलं तर डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत फरक सांभाळत बसावं लागतं, आणि चाकांचा वेग मोजणाऱ्या एबीएसलाही चुकीचे आकडे मिळतात. म्हणजे जॅक दोनदा लावायचा. मेहुण्यानं चाकामागे दगड लावले, आईनं एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरला. घाटाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, पाऊण तास. मागून येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या दिव्यांबरोबर पोटात गोळा यायचा.

आंबोलीहून सावंतवाडी तीसेक किलोमीटर. उतार, वळणं, ओला रस्ता आणि मागे बारीक चाक. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. पंक्चरवाल्यानं घरी बसूनच टायर बघितला आणि म्हणाला, “साईडीक फाटलो हा. हेचा आता काय होवचा नाय.” त्या मापाचा टायर गावात नव्हता. पाच दिवस गाडी तशीच वापरली.

पंक्चर होणं आणि टायर फाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खिळा घुसला तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते, आणि रस्त्याकडेचा कोणीही कारागीर दहा मिनिटांत रबराची वात घालून देतो. त्यासाठी स्टेपनी लागतेच असं नाही. पण आपल्याकडे पावसाळ्यात जे होतं ते खड्ड्याच्या धारेवर आदळून. बाजूची भिंत फाटते किंवा रिम वाकतं, आणि त्यावर वात चालत नाही.

म्हणूनच मला २०२० च्या जुलैमधली ती सवलत पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, असं ठरलं. कारणं समजण्यासारखी आहेत. चाकाचं वजन वाचतं, खर्च वाचतो, डिकी वाढते, विजेच्या गाडीत तीच जागा बॅटरीच्या कामी येते. पण संचातला चिकट द्रव टायरच्या तळव्याला पडलेलं छोटं भोक बुजवतो, फाटलेली बाजू शिवत नाही. मुंबईत रात्री दोन वाजताही कोणीतरी मदतीला येईल. तिलारीच्या घाटात किंवा मेळघाटातल्या रस्त्यावर मोबाइलला रेंजच नसली तर कोणाला बोलावणार?

‘स्टेपनी’ हा शब्दच अशा गरजेतून आला आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं; पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उचकटून काढायचा. वेल्समधल्या लानेली गावात वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये बिनआऱ्यांचं, हवा भरलेलं एक कडं तयार केलं. ते पंक्चर झालेल्या चाकावरच क्लॅम्पनं आवळायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते स्टेपनी चाक. पुढे अख्खं चाक काढता येऊ लागलं आणि ते कडं गेलं; नाव आपल्याकडे राहिलं. ब्राझीलमध्येही ‘एस्तेपे’ म्हणून ते टिकलंय.

आता छोट्या गाडीत पुऱ्या मापाचं चाक बसतं का, हे बघू. वरच्या उदाहरणात दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखा, म्हणजे डिकीतल्या गोल खळग्यात ते उतरतंच. अडतं ते खोलीत. आडवं ठेवल्यावर टायरची रुंदी ही त्याची उंची होते, आणि ती २० मिमीनं वाढते. चटई दोन सेंटिमीटर वर येते, एवढंच. खळग्यात जॅक आणि पान्यासाठी थर्माकोलचा साचा असेल तर तो बसणार नाही. ती हत्यारं कापडी पिशवीत घालून कडेला ठेवावी लागतात. मधला आवळायचा बोल्ट पुरेसा लांब आहे का ते मात्र बघाच. सैल राहिलेलं १४-१५ किलोचं चाक अपघातात पुढे फेकलं जातं.

अलॉयचंच पाचवं घ्यायला हवं असं नाही. त्याच मापाचं लोखंडी रिम स्वस्त पडतं, फक्त भोकांचं अंतर आणि रिम आत-बाहेर किती बसतं ते मूळ चाकासारखं असलं पाहिजे. अलॉयचे नट लोखंडी रिमवर नीट बसतात का, हेही घरासमोर उजेडात एकदा लावून बघावं.

सीएनजीच्या गाडीत हे अवघड जातं. डिकी सिलिंडरनं व्यापलेली असते आणि चाक त्याच्यामागे किंवा गाडीच्या पोटाखाली ढकललेलं असतं. टाटांनी २०२३ च्या अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर आडवे घालून सामानाची जागा मोकळी केली, पण स्टेपनी गाडीखालीच गेली. तिथे पुऱ्या मापाचं चाक चिखलाला लागणार नाही ना, ते जागेवर मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

पाचही चाकं सारखी असली की आणखी एक सोय होते, आणि ती बरेच जण हातची घालवतात. दर दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवताना स्टेपनीलाही फेरीत घ्यायचं. चार टायर ४० हजार किलोमीटर टिकत असतील तर तेच काम पाचांत वाटल्यावर ५० हजारांपर्यंत जातं, आणि पाचवा टायर डिकीत नुसता म्हातारा होत नाही. रबर न वापरताही कडक होतं. टायरवरच्या चार आकड्यांच्या शिक्क्यावरून वय कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर एकाच दिशेनं फिरणारे असतील तर मात्र ही पाचांची फेरी जमत नाही.

आणि हवा. ती वापर नसतानाही दर महिन्याला थोडी उतरते. स्टेपनीत इतरांपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा. कमी करायला पंप लागत नाही, वाढवायला लागतो. गावी निघायच्या आदल्या दिवशी, डिकीत सामान भरण्याआधी, पंपावर जा आणि हवा भरणाऱ्याला पाचवं चाकही दाखवा.