क्लीनर साईडला आता कोणी नसतं

*एरंडोल, पारोळा, साक्री, शिरपूरहून रोज हायवेने कॉलेज गाठणारे आपण आणि हजार-दोन हजार किलोमीटरच्या फेरीवर निघालेला ट्रकवाला. रस्ता दोघांचा एकच. पण त्याच्या केबिनमधून आपण दिसतो तरी का?*

ट्रकच्या बाजूंना आपल्याकडे कोणी डावी-उजवी म्हणत नाही. उजवी ती ‘ड्रायव्हर साईड’ आणि डावी ती ‘क्लीनर साईड’. गॅरेजवाला, पंक्चरवाला, हमाल, सगळ्यांच्या तोंडी हेच शब्द. कारण एकेकाळी डाव्या खिडकीतून खरंच कोणीतरी डोकावत असायचं. हा क्लीनर, बोलीत ‘किन्नर’, काच पुसायचा, टायर ठोकून हवा बघायचा आणि चौफुलीवर गाडी वळताना हात बाहेर काढून पत्र्यावर थापा मारायचा. थापांचा अर्थ ड्रायव्हरला बरोबर कळायचा: थांब, बाजूला सायकलवाला आहे.

आज कितीतरी ट्रकांमध्ये ती सीट रिकामी असते. जुलै २०२५ मध्ये माल वाहतूकदारांनी राज्यात संप पुकारला, तेव्हा ‘क्लीनरची सक्ती काढा’ ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. माणूस गेला, बाजूला त्याचं नाव तेवढं उरलं. आणि नेमक्या त्याच बाजूने आपण बाईक घालतो. ट्रक उजवीकडे, रस्त्याची कड डावीकडे, मध्ये चार-पाच फुटांची फट, मागे डबल सीट मित्र आणि नऊचं लेक्चर. ‘निघून जातं ना भो’ म्हणत आपण निघतो. बहुतेक वेळा निघूनही जातं. प्रश्न उरलेल्या एका वेळेचा आहे.

आपण हायवेवरचेच

आपल्या महामार्गाला घरातली मोठी माणसं अजून ‘सहा नंबर’ म्हणतात. नवा क्रमांक ५३. गुजरातमधल्या हजिऱ्यापासून निघून तो थेट ओडिशातल्या पारादीप बंदराकडे जातो. नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर ही त्याच्यावरची आपली गावं. धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा रस्ता मिळतो आणि चाळीसगावमार्गे सोलापूरकडे जाणारा रस्ताही तिथूनच फुटतो. म्हणून धुळ्याच्या पारोळा चौफुलीवर दहा मिनिटं उभं राहिलं, तर एमएच १८ आणि एमएच १९ च्या गर्दीत राजस्थान, हरियाणा, तामिळनाडू, अगदी नागालँडच्या पाटीचाही ट्रक दिसतो.

यातलं बरंच काही आपल्यासाठीच चाललेलं असतं. रावेर, सावदा, यावलची केळी हिरवी असतानाच ट्रकमध्ये भरली जातात आणि उत्तरेतल्या बाजारांत पोहोचल्यावर पिकवली जातात. हा माल वाट बघत नाही. जळगावची डाळ, पाइप, चटयासुद्धा अशाच चाकांवरून देशभर जातात. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांच्या फीचे पैसेही कधीतरी अशाच एखाद्या ट्रकमधून प्रवास करून आलेले असतात.

आणि आपण? विद्यापीठ गिरणेच्या पलीकडे, बांभोरीच्या बाजूला, हायवेला लागून. इंजिनीअरिंग कॉलेज तिथेच. शहराच्या मधोमध हायवे असल्यामुळे जळगावकरांनी समांतर रस्त्यांसाठी किती वर्षं आंदोलनं केली, हे आपण लहानपणापासून पेपरात वाचत आलो. चौपदरीकरण, वळण रस्ता, उड्डाणपूल यांनी काही अडचणी कमी होतात. पण पाळधीहून किंवा पारोळ्याहून बाईकवर येणाऱ्याला ट्रकची सोबत टळत नाही. उलट रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि दूरचा यू-टर्न टाळायला राँग साईडने येणारेही वाढतात.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकीवर कोण असतं, हे कॉलेजच्या पार्किंगमध्ये बघितलं की कळतं.

तो उंचावर, म्हणून सगळं दिसतं?

हा आपला पहिला गैरसमज. ड्रायव्हर उंच बसलेला असतो, त्यामुळे त्याला लांबचं छान दिसतं. जवळचं मात्र दिसत नाही. बंपरच्या अगदी पुढे उभी असलेली स्कूटी त्याच्या काचेच्या खाली जाते. मागे चिकटून चाललेली बाईक कुठल्याच आरशात येत नाही. आणि तो उजवीकडे बसलेला असल्यामुळे सगळ्यात मोठा आंधळा पट्टा पडतो तो क्लीनर साईडला, दरवाजापासून मागच्या चाकांपर्यंत.

ओळखायची खूण सोपी आहे. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का? दिसत नसेल, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही तिथे नाहीच.

आता कोणी म्हणेल, ट्रकवाले उजवी लेन सोडतच नाहीत, मग डावीकडूनच जावं लागतं. तक्रार खरी आहे. पण तेव्हा काय होतं बघा. आपण मागून हॉर्न देतो. त्याला तो ऐकू येतो आणि साईड द्यायला तो गाडी डावीकडे घेतो. त्याच क्षणी आपण धीर सोडून डावीकडून घुसलेलो असतो. चूक कोणाची, हे नंतर ठरत बसतं.

हॉर्नवरून आठवलं. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्याच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्येच बंदी घातली. त्या ओळीमुळे विनाकारण हॉर्न वाजवायला लोकांना निमित्त मिळतं, असं कारण दिलं होतं. तरी हायवेवर एक छोटा हॉर्न किंवा रात्री डिपर उपयोगी पडतो, कारण ‘मी इथे आहे’ एवढंच सांगायचं असतं. सलग पाच मिनिटं वाजवलेला हॉर्न मात्र काही सांगत नाही, नुसता डोकं फिरवतो.

इंडिकेटरचीही गंमत आहे. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, तर कोणी त्याचा अर्थ ‘जा पुढे’ असा घेतं, कोणी ‘येऊ नको, समोरून गाडी आहे’ असा घेतं, आणि कधी तो खरंच उजवीकडे वळणार असतो. त्यामुळे त्याच्या खुणेवर जीव टाकायचा नाही. समोरचा रस्ता स्वतःला दिसला, तरच ओव्हरटेक.

पुढची रिकामी जागा रिकामी का असते

भरलेला दहा चाकी ट्रक २८ टनांच्या आसपास जातो. आपली बाईक, आपण आणि मागचा मित्र मिळून अडीचशे किलो. म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरने बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच एवढं अंतर संपतं, थांबायला सुरुवात त्यानंतर. म्हणून शहाणा ड्रायव्हर पुढच्या गाडीमागे भरपूर जागा सोडून चालतो. आपल्याला वाटतं, अरे जागा रिकामी आहे, आणि आपण कट मारून तिथे शिरतो. ती जागा त्याने ब्रेकसाठी ठेवलेली असते. आपण शिरलो की ती संपते.

घाटात हे आणखी महागात पडतं. लळिंगचा उतार असो की मध्य प्रदेशच्या सीमेवरचा बिजासन घाट, ट्रक तिथे खालच्या गिअरमध्ये संथ उतरतो तो ड्रायव्हर आळशी असतो म्हणून नाही. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि मग धरत नाही. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ काय झालं, ते धुळे जिल्हा विसरलेला नाही. मध्य प्रदेशाकडून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. त्याने पुढच्या दुचाकी, कार आणि दुसऱ्या कंटेनरला धडक दिली आणि तो हायवेलगतच्या हॉटेलात घुसला. किमान १० जण गेले, त्यात बसची वाट बघत उभे असलेले लोकही होते. उतारावर ट्रकच्या पुढे घुटमळायचं नाही आणि उताराच्या पायथ्याशी हायवेला चिकटून उभं राहायचं नाही, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

वळणावरचीही एक गोष्ट. लांब ट्रेलर डावीकडे वळताना आधी उजवीकडे झुकतो. डावीकडे जागा झाली असं आपल्याला वाटतं. पण पुढची चाकं जिथून गेली तिथून मागची जात नाहीत, ती आतून कापत येतात. ‘जागा’ दिसली तरी मागे थांबायचं.

केबिनच्या आत

ट्रकवाल्याला शिव्या घालायच्या आधी त्याचा दिवस बघू. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. पण २०२५ पर्यंत असलेला हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन ट्रकांचे मालक ढिगाने आहेत. बाकी हिशोब माल कधी पोहोचतो त्यावर. रस्ता बदलला तर तासही बदलतात. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने चाळीसगाव-कन्नडमधला औट्रम घाट जड वाहनांना बंद झाला. घाटात तासन्‌तास अडकणाऱ्या लोकांना दिलासा मिळाला, पण ट्रकवाल्यांच्या वाट्याला नांदगावकडून वळसा आला.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा इंजिनशेजारच्या केबिनमध्ये किती असेल? नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांसाठी. रस्त्यावरचे जुने ट्रक तसेच तापत राहणार. दुपारी अर्धवट झोप, रात्री गाडी, आणि पहाटे दोन ते पाच डोळ्यांवर झापड. म्हणून लग्नाहून किंवा ट्रीपवरून पहाटे बाईकवर परत येणं सर्वांत धोक्याचं. तेव्हा तोही पेंगत असतो आणि आपणही.

याचा अर्थ ट्रकवाल्यांना सगळं माफ, असा नाही. दिवे न लावता हायवेवर उभा केलेला ट्रक, ओव्हरलोड, पिऊन चालवणं हे गुन्हेच आहेत. आणि जीव त्यांच्याही गाडीत जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, तेव्हा मालावर बसलेले किमान १५ मजूर गेले.

जानेवारी २०२४ आठवतोय? मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती, तिच्याविरुद्ध ड्रायव्हर संपावर गेले. थांबलो तर जमाव मारतो, हे त्यांचं म्हणणं होतं. ही नुसती सबब नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला दवाखान्यात नेणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर अपवाद केलेला आहे. म्हणजे जमाव काय करतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली, ती हे पोटकलम बाजूला ठेवून.

इथे आपली भूमिका येते. अपघात दिसला की आपल्यातले निम्मे मोबाइल काढतात आणि काही जण ट्रकवर चढतात. ड्रायव्हरला केबिनमधून ओढल्याने जखमीचं रक्त थांबत नाही. दोघा-तिघांनी गर्दी मागे हटवली, एकाने १०८ ला फोन केला, एकाने गाडीचा नंबर लिहून घेतला, तर तो ड्रायव्हरही थांबून मदत करू शकतो. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टात अडकवता येत नाही आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हे कायद्यातच आलं आहे.

चौकट : हायवेवर निघताना

• क्लीनर साईडने ओव्हरटेक नको. ट्रक उजव्या लेनमध्येच अडून राहिला, तर एक छोटा हॉर्न द्या आणि तो कुठे सरकतो ते आधी बघा.

• ट्रकच्या मागे किमान तीन सेकंदांचं अंतर. पुढच्या खांबाजवळून ट्रक गेला की मोजा, तीनच्या आत तुम्ही तिथे पोहोचलात तर फार जवळ आहात.

• ओव्हरटेक केल्यावर लगेच पुढे वळू नका. आरशात ट्रकची पूर्ण काच दिसली की मगच लेनमध्ये या.

• मोठी गाडी बाजूने जाते तेव्हा हवेचा झोत बाईक हलवतो. हँडल दोन्ही हातांनी, मोबाइल खिशात.

• रात्री रस्त्यावर झाडाच्या फांद्या किंवा दगड मांडलेले दिसले, तर पुढे बंद पडलेला ट्रक आहे असं समजा आणि वेग कमी करा.

• उभ्या ट्रकच्या मागे-पुढे बाईक लावून चहाला जाऊ नका. तो कधी हलेल सांगता येत नाही.

• हेल्मेट दोघांनाही. मागच्याचं डोकं वेगळ्या मातीचं नसतं.

• महामार्गावर मदतीसाठी १०३३, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२. आत्ताच सेव्ह करा.

• ट्रकवाल्याने साईड दिली तर जाताना हात दाखवा. फुकट असतं, आणि त्याला कळतं की कोणीतरी बघितलं.