चाल कुणाचीही असो, शब्द कुणाचा?

हरसूलला माझे जाणे होते ते बहुधा वनहक्काच्या दाव्यांसाठी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांचे दावे फेटाळले गेले, त्या आदिवासी बांधवांची अपिले लिहून देणे हे तिथले माझे काम. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हा डोंगराळ पट्टा कोकणा, वारली, महादेव कोळी बांधवांचा. आपली बौद्ध घरे मोजकीच. काम आटोपले की त्या वस्तीत चहा ठरलेला असतो. एका खेपेला चहाच्या कपाबरोबर तरुणांनी एक पेन ड्राइव्ह पुढे केला. "वकीलसाहेब, वैशाख पौर्णिमेला विहारात गाणी लावायची आहेत. यातली चांगली तेवढी निवडून द्या. मागच्या वर्षी भांडण झाले होते."

भांडण कशाचे, ते विचारले. पोरांना डीजे हवा होता. मधल्या वयाच्या मंडळींना जुन्या कॅसेटमधली भीमगीते हवी होती. दोन ज्येष्ठ उपासकांचे म्हणणे असे की, पौर्णिमेला फक्त पाली वंदना व्हावी, बाकी सारा गोंगाट बंद. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता की, तुम्ही धम्म बिघडवता.

न्यायालयात रोज दोन बाजू ऐकणाऱ्या माणसाला हे काम सोपे वाटले. पण त्या पेन ड्राइव्हमधली दोनशेच्या वर गाणी ऐकताना माझे दोन-तीन आठवडे गेले, आणि जे ध्यानात आले ते समाजबांधवांपुढे ठेवावेसे वाटते. आपल्याकडे गाण्यांचा तुटवडा नाही. चांगले गाणे कोणते, हे ठरवण्याची कसोटीच आपण कधी बसून ठरवली नाही.

त्या पेन ड्राइव्हमध्ये काय नव्हते? सिनेमाच्या चालीवरची गीते होती, कव्वाली होती, इंग्रजी वळणाचे रॅप होते, विजेच्या गिटारीवरची रॉक गाणी होती, मंद वाद्यांवर म्हटलेली पाली सुत्ते होती. काही गाणी संपल्यावर एका नावाच्या घोषाखेरीज हाती काही उरत नव्हते. काही गाणी मात्र दोन मिनिटांत माणसाला ताठ बसवत होती. गंमत अशी की, भिकार गाणी सर्व प्रकारांत होती आणि उत्तम गाणीही सर्व प्रकारांत होती. म्हणजे भांडण चालले होते ते चुकीच्या मुद्द्यावर!

प्रथम ज्येष्ठ उपासकांची बाजू पाहू. ती पोकळ नाही. अंगुत्तर निकायातल्या गीतस्सर सुत्तात तथागतांनी धम्म लांबलचक गाण्याच्या सुरात म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो, ऐकणारे आवाजावर भाळतात, गृहस्थ टीका करतात, सुराच्या नादात समाधी भंगते आणि पुढची पिढी तोच कित्ता गिरवते. अष्टशील घेणाऱ्या उपासकाने नृत्य-गीत-वादनापासून दूर राहायचे असते, हेही खरे. मग पोरांचा दावा फेटाळायचा का?

नाही. कारण पुरावा दुसऱ्या बाजूलाही आहे. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व तथागतांसमोर वीणा वाजवतो. गातो काय, तर प्रेयसीवरचे गीत, त्यात बुद्ध, धम्म आणि अर्हत गुंफलेले! आजच्या भाषेत सांगायचे तर प्रेमगीतच. तथागत त्याला हाकलत नाहीत. तुझ्या तारांचा सूर आणि गळ्याचा सूर एकमेकांशी छान जुळतो, अशी दाद देतात. विनयातही आहे की, गाण्याच्या थाटात धम्म म्हणण्यास मनाई केल्यावर भिक्खू सस्वर पठणालाही कचरू लागले, तेव्हा त्या पठणाला तथागतांनी परवानगी दिली. दोन्ही बाजूंचे पुरावे एकत्र वाचले तर निष्कर्ष सरळ निघतो. सुराला बंदी नाही. सूर अर्थावर स्वार होऊ लागला की मात्र हरकत आहे.

आपल्या चळवळीने नेमके हेच ओळखले होते. बाबासाहेबांच्या घरात वडील रामजी सुभेदारांमुळे कबीरपंथी भजनांचे वातावरण होते, आणि स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. १९३० नंतर आपल्या नाशिक जिल्ह्यात शाहीर भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला देवाचा गण आणि शृंगाराची गवळण बाजूला सारून तिथे पाणवठा, शाळा आणि मंदिरप्रवेशाचे सवाल मांडले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या जिल्ह्यात २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्या जिल्ह्यातल्या निरक्षर आयाबायांपर्यंत सत्याग्रहाचा अर्थ वर्तमानपत्राने नव्हे, ढोलकीने पोहोचवला.

याच जिल्ह्यातले वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. अक्षरओळख झाली ती वाढत्या वयात, मुंबईत मजुरी करताना. १९४३ साली त्यांनी केलेले पहिले गीत एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. म्हणजे चाल उसनीच! ज्यांना सिनेमाच्या चालीचा विटाळ वाटतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण उसन्या चालीत वामनदादांनी घातलेला विचार स्वतःचा होता, भाषा कष्टकऱ्यांची होती आणि प्रश्न सत्तेला विचारलेला होता. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. प्रल्हाददादांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आजही पंढरीच्या वाटेवर वाजतात, आणि त्याच गळ्यातून भीमगीते आणि कव्वाल्या निघाल्या. एकच गळा, तीन परंपरा. तेव्हा गळ्याला आणि चालीला धर्म चिकटवण्याचा हट्ट सोडलेला बरा.

हा वाद काही आपल्याच समाजात झाला असे नाही. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या चर्चमध्ये गॉस्पेल नावाचे धर्मसंगीत आहे. त्याचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी हे मुळात दारूच्या गुत्त्यांत पियानोवर ब्लूज वाजवणारे. १९३२ साली पत्नी आणि नवजात बाळ गेले, त्या दुःखातून त्यांचे सर्वांत गाजलेले भजन निघाले. पण सुरुवातीला अनेक चर्चनी त्यांना दारे बंद केली होती. कारण तेच, 'ही बाजारू चाल देवळात नको!' त्यांच्याच परंपरेतल्या महालिया जॅक्सन २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात गायल्या, आणि त्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहिले. गुलामांच्या नातवंडांनी गाण्यातून बळ घेतले आणि नागरी हक्क मिळवले.

हरसूल भागातल्या आश्रमशाळेत सकाळी प्रार्थनेला मुले 'हम होंगे कामयाब' म्हणतात. त्या मुलांना कुणी सांगितले आहे का, की हे गीत काळ्या चर्चमधल्या भजनातून आले, १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायांनी ते लढ्याचे गीत केले, आणि गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणले? सांगितले तर ती प्रार्थना किती वेगळी होईल!

मराठीतही एक धडा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्या वेळी मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली अवघडलेली भाषांतरे गायली जात. टिळकांनी आपली भक्ती अभंगात आणि ओवीत ओतली, आणि ती गीते मराठी ख्रिस्ती बांधव आजही गातात. आपण त्यांच्या श्रद्धेशी सहमत असू वा नसू, कारागिरीचा धडा घ्यायला हरकत नसावी. जी भाषा आईच्या तोंडची नाही, तिच्यात मन उघडत नाही.

आणि पोरांच्या रॉक-रॅपचे काय? २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या चमूने पहिला जाहीर कार्यक्रम केला. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या चमूने वस्त्यांतले 'गाना' हे लोकसंगीत, रॅप आणि रॉक एकत्र आणून जातीवर थेट बोट ठेवले. ते धम्मसंगीत नव्हे. पण विजेच्या गिटारीवरही विचार उभा राहतो, हे त्यातून सिद्ध झाले. तेव्हा गिटार दिसली की नाक मुरडणाऱ्यांनी थोडे थांबावे.

इतके दूर तरी कशाला जायचे? हरसूलच्याच पाड्यांवर पाहा. वारल्यांच्या लग्नात धवलेरी, म्हणजे एक जाणती बाई, गाऊन लग्न लावते. भटजी नाही, पोथी नाही. भाताच्या सुगीत तारपा घुमतो तेव्हा नाचणारे आणि बघणारे असे दोन तट पडत नाहीत, सारे एका फेरात असतात. धार्मिक संगीत म्हणजे आणखी काय असते?

या साऱ्या विचारातून मी त्या पोरांना तीन कसोट्या लिहून दिल्या. पहिली: गाणे मोबाइलवर हळू आवाजात एकदाच लावा आणि शेजारच्याला त्याचा अर्थ विचारा. सांगता आला नाही तर गाणे नापास. डीजेच्या ढोलाचा खालचा दणका व्यंजने गिळून टाकतो आणि उरतो तो केवळ आवाज. दुसरी: गाणे बावीस प्रतिज्ञांशेजारी ठेवून वाचा. ज्या गीतात बुद्धाला अवतार केले आहे आणि बाबासाहेबांना नवसाला पावणारा देव केले आहे, ते कितीही गोड असो, वंदनेच्या वेळी नको. तिसरी: गाणे ऐकून माणूस काय करतो ते पाहा. केवळ अंगात आल्यासारखा नाचतो, की मुलीला शाळेत धाडण्याचा, दारू सोडण्याचा, अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचा विचारही घेऊन घरी जातो?

यादी तयार झाली. पोरे खूश झाली. मीही खूश होतो. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारले, "वकीलसाहेब, यात आमची गाणी हाईत का?"

आमची म्हणजे कोणती? आजी गाऊ लागल्या. जात्यावरची ओवी, तिच्यात भीमाचे नाव. धर्मांतराच्या सुमारास सासूकडून शिकलेली गाणी. एकामागून एक अशी सात-आठ त्यांनी म्हटली. एकही मी कुठे ऐकले नव्हते, कोणत्याही कॅसेटमध्ये नव्हते, इंटरनेटवर असण्याचा प्रश्नच नाही. नातवाच्या हातात दिवसभर मोबाइल, पण आजीचा आवाज त्यात कधी भरून घेतला गेला नव्हता.

आणि इथे माझ्या कसोट्यांची परीक्षा झाली. आजींच्या एका गाण्यात बाबासाहेब थेट देव होते. चंद्र-सूर्याने ओवाळलेले. माझ्या दुसऱ्या कसोटीत ते साफ नापास! मी भीतभीत तसे म्हणालो. आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, तवा आमच्याजवळ मोठ्या माणसाला दुसरा शबुदच नव्हता. देव एवढाच शबुद ठावा."

यावर माझ्याजवळ युक्तिवाद नव्हता. ज्यांना शब्दच नाकारले गेले, त्यांनी हाती असलेला सर्वांत मोठा शब्द आपल्या मुक्तिदात्याला वाहिला. ती अंधश्रद्धा नाही, ती कृतज्ञता आहे. पण नातवाला आज दुसरे शब्द मिळाले आहेत, तेव्हा त्याने नवे गाणे रचताना तोच शब्द पुन्हा उचलू नये. म्हणून आजींचे गाणे जपायचे, भरून ठेवायचे, त्याची कथा सांगायची. वंदनेत मात्र घ्यायचे नाही. कसोटी मी मागे घेतली नाही, पण ती लावताना आता हात जरा जपून चालतो.

शेवटी वकील म्हणून दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, सवलत फार थोड्या दिवसांची. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल. हा नियम मंदिर, मशीद, चर्च, विहार साऱ्यांना सारखा. दुसऱ्याने मोडला म्हणून आपण मोडायचा नसतो. विशेषतः ज्या पौर्णिमेला विहारात कुणी अष्टशील घेऊन बसले आहे, तिथे त्याच्या शीलाचा मान राखणे हे आपलेच काम आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. त्या दोनशे गाण्यांपैकी निम्म्याहून अधिक गाण्यांवर कवीचे नावच नव्हते. गायकाचे होते, कंपनीचे होते, डीजेवाल्याचे तर मोठ्या अक्षरात होते. स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे आपल्या रचनेवर आपले नाव असणे हा कवीचा हक्क आहे, आणि तो रचना विकली तरी संपत नाही. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्व हक्क टिकतो, म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ज्या समाजाचे नाव इतिहासातून पुसले गेले, त्याने आपल्याच कवींची नावे पुसावीत?

वैशाख पौर्णिमेला हरसूलच्या त्या विहारात काय झाले, ते पोरांनी फोनवर कळवले. सकाळी पाली वंदना झाली. दुपारी निवडलेली गाणी लागली, प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव सांगून. संध्याकाळी ध्वनिक्षेपक बंद करून आजींना मध्ये बसवले आणि दोन पोरांनी त्यांची गाणी मोबाइलवर भरून घेतली. डीजे आला नाही. भांडणही झाले नाही.

बांधवांनो, चांगले गाणे शोधायला इंटरनेटवर जरूर जा. पण त्याआधी आपल्या वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीजवळ जाऊन बसा. ती असेपर्यंत वेळ आहे.

जय भीम!