सॉलिसिटर फोन घेत नाही, बिल्डर थांबत नाही

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला घरखरेदीची वाट पाठ असते. बिल्डरचा करारनामा, बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, मुद्रांक शुल्क आणि शेवटी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा नि फोटो. कुठे अडलं तर त्या टेबलासमोर जाऊन उभं राहता येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये उभं राहायला टेबलच नाही. तिथे सगळं काम सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर करतो आणि अनेकांना तो शेवटपर्यंत प्रत्यक्ष दिसतही नाही. करार तो वाचतो, शंका तो काढतो. तुमचं डिपॉझिट आणि बँकेचं कर्ज त्याच्याच क्लायंट अकाउंटमधून पुढे जातं. कर तोच भरतो, लँड रजिस्ट्रीत नावही तोच लावतो. त्यामुळे तो गप्प बसला की सगळा व्यवहार गप्प बसतो. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, इथलं त्याला लागू धरू नये.)

जुनं घर घेताना ही शांतता त्रासदायक असते, नव्या घराच्या बाबतीत महागात पडू शकते. कारण बिल्डरने घड्याळ लावलेलं असतं. तुम्ही रिझर्व्हेशन फी भरता, साधारण ५०० ते १,००० पौंड, आणि बहुतेक बिल्डर तिथून २८ दिवसांत ‘एक्स्चेंज’ मागतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी करार बंधनकारक करणं. त्या दिवशी सहसा किमतीच्या १० टक्के रक्कम द्यावी लागते आणि त्यानंतर माघार घेतली तर ती जाते.

हे २८ दिवस कायद्याने ठरवलेले नाहीत, ते बिल्डरने ठरवलेले आहेत. ते वाढवून मागता येतात, आणि उशीर बिल्डरच्या वकिलाने कागद उशिरा दिल्यामुळे झाला असेल तर मागायलाच हवेत. शिवाय न्यू होम्स क्वालिटी कोड या संहितेत नोंदलेल्या बिल्डरकडे रिझर्व्हेशननंतर १४ दिवसांपर्यंत विचार बदलला तर पूर्ण फी परत मिळते. म्हणून सॉलिसिटर कसा आहे याचा अंदाज याच दोन आठवड्यांत घ्यावा. फाइल उघडायला, ओळखपत्रं मागायला आणि पहिल्या ईमेलला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, ते पाहिलं की पुढचं बरंच कळतं.

सॉलिसिटर मिळतो कुठून, हेही पाहायला हवं. सेल्स ऑफिसमधली व्यक्ती गोड बोलून एक नाव सुचवते: आमच्या साइटची कागदपत्रं यांना माहीत आहेत, काम लवकर होईल. त्यात तथ्य असतंही. एकाच वसाहतीतली चाळीस घरं ज्या कार्यालयातून गेली, त्याला करार नव्याने वाचावा लागत नाही. पण ज्याला पुढची चाळीस घरंही त्याच बिल्डरकडून मिळणार आहेत, तो तुमच्यासाठी किती भांडेल? इंग्लंडने याचा अनुभव घेतला आहे. ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं, दर दहा वर्षांनी दुप्पट होणारी लीजहोल्ड घरं लोकांनी घेतली, पुढे ती विकणं अवघड झालं, तेव्हा बिल्डरने सुचवलेल्या वकिलांनी ही अट नीट समजावली नव्हती, अशी तक्रार मोठ्या प्रमाणात पुढे आली. संसदेच्या समितीने २०१९च्या अहवालात या लागेबांध्यांवर बोट ठेवलं. ३० जून २०२२ पासून नव्या लांब मुदतीच्या लीजवर पैशांत ग्राउंड रेंट लावायला बंदी आली, पण सुचवलेला वकील ही पद्धत गेली नाही. नाव सुचवण्यासाठी रेफरल फी दिली जात असेल तर ती किती, हे सॉलिसिटरने तुम्हाला सांगायला हवं. माझं मत विचाराल तर बिल्डरचा माणूस घेऊ नये. मात्र आपण निवडलेला सॉलिसिटर बँकेच्या पॅनेलवर आहे ना, हे आधी विचारावं. कर्ज देणारी बँक बहुतेक वेळा त्याच सॉलिसिटरला आपलाही वकील नेमते आणि तो पॅनेलवर नसला तर वेळ तिथेच जातो.

आता तो गप्प बसलाय असं धरू. गप्प सॉलिसिटर दोन जातींचे. एक काम करतो, पण सांगत नाही. दुसरा सांगतही नाही आणि करतही नाही. पहिल्याशी भांडून उपयोग नाही, दुसऱ्याची वाट पाहून उपयोग नाही. ओळखायचं कसं? ‘काय चाललंय?’ असं विचारलंत की दोघांकडूनही ‘प्रगतीपथावर आहे’ हेच येतं. म्हणून ज्यांचं उत्तर तारखेतच द्यावं लागेल असे प्रश्न विचारायचे. ते विचारण्यासाठी कामाचा क्रम माहीत असावा लागतो.

बिल्डरच्या वकिलाकडून आधी कराराचा गठ्ठा येतो: करार, नकाशे, बांधकाम परवानगी, रस्ते आणि मलनिस्सारणाचे करारनामे. तुमचा सॉलिसिटर स्थानिक कौन्सिल, पाणी-ड्रेनेज आणि पर्यावरण यांचे सर्च मागवतो. मग लेखी शंका पाठवतो, त्यांना एन्क्वायरीज म्हणतात. नव्या घरात खरा मुद्देमाल इथे असतो. वसाहतीतला रस्ता कौन्सिल ताब्यात घेणार का? त्यासाठी १९८०च्या हायवेज ॲक्टच्या कलम ३८चा करार लागतो. सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी १९९१च्या वॉटर इंडस्ट्री ॲक्टचं कलम १०४. हे झालेलं नसेल तर रस्ता, बाग आणि दिव्यांचा खर्च एखाद्या व्यवस्थापन कंपनीमार्फत रहिवाशांवर येतो आणि घर फ्रीहोल्ड असलं तरी दरवर्षी बिल येत राहतं. त्या बिलाला कमाल मर्यादा आहे का, हे सॉलिसिटरने तुम्हाला लेखी सांगायला हवं. शिवाय घर अजून बांधून व्हायचं असेल तर ताबा ‘नोटिशीवर’ असतो. बिल्डर घर तयार असल्याचं कळवतो, साधारण दहा कामाच्या दिवसांत पैसे भरून ताबा घ्यायचा. म्हणून करारात लाँग-स्टॉप तारीख हवी. ती उलटली तर तुम्हाला डिपॉझिटसह बाहेर पडता येतं. तुमच्या मॉर्गेज ऑफरची मुदत, जी बहुधा सहा महिन्यांच्या आसपास असते, या तारखेशी जुळते का, हेही पाहावं लागतं.

एवढं हाताशी असलं की ईमेल आपोआप तयार होतो. वर फाइल नंबर आणि घराचा प्लॉट नंबर, खाली एवढंच: कराराचे कागद कोणत्या तारखेला मिळाले? सर्च कोणत्या तारखेला मागवले, कोणता अजून यायचा आहे? एन्क्वायरीज कधी पाठवल्या, कोणत्या क्रमांकाच्या शंकेचं उत्तर बाकी आहे? माझ्याकडून काय हवं आहे? गुरुवारपर्यंत उत्तर मिळावं. रागाचा एक शब्द नको, आणि रोज चार ईमेल तर अजिबात नकोत. फाइल सांभाळणाऱ्याला प्रत्येक ईमेल वाचून नोंदवावा लागतो, आणि तो वेळ तुमच्याच कामातून जातो. उत्तरात तारखा आल्या तर सॉलिसिटर पहिल्या जातीचा आहे, त्याला काम करू द्या. तारखा आल्याच नाहीत तर पुढची पायरी.

त्याआधी एकदा आपल्या बाजूला पाहून घ्यावं, कारण मराठी खरेदीदाराची फाइल अनेकदा इथेच अडते. डिपॉझिटचा काही भाग आईवडिलांनी पुण्याहून पाठवलेला असतो. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटरला तो पैसा कुठून आला हे कागदावर लागतं, नुसतं ‘बाबांनी दिले’ पुरत नाही. वडिलांचं ओळखपत्र, पैसे भेट दिल्याचं पत्र, त्यांच्या बँकेची काही महिन्यांची विवरणपत्रं आणि पैसा जुना फ्लॅट विकून आला असेल तर त्या विक्रीचा पुरावा. हा पुरावा म्हणजे आपल्याकडचा ‘इंडेक्स टू’, आणि तो मराठीत! सॉलिसिटरच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला त्यातलं ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ कळणार नाही. प्रमाणित इंग्रजी भाषांतर पहिल्याच दिवशी जोडलंत तर नंतरच्या चकरा वाचतात. भारतातून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. बँकेची प्रक्रियाही वेळ खाते. ते पैसे एक्स्चेंजच्या आठवड्यात मागवायचे नसतात.

दुसरी गोष्ट सॉलिसिटरने विचारायलाच हवी, पण घाईतला विचारत नाही: जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे का? इंग्लंडच्या स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्ससाठी कोथरूडचा फ्लॅटही धरला जातो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४,००,००० पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५,००० पौंड कर पडतो. भारतातला फ्लॅट स्वतःच्या किंवा नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर राहिला, त्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असली, तर सर्वसाधारणपणे पाच टक्के अधिभार लागतो आणि तोच आकडा ३०,००० वर जातो. आपणहून, लेखी सांगा. चुकीच्या विवरणपत्राची जबाबदारी शेवटी करदात्याचीच असते.

तुमची बाजू चोख आहे आणि तरीही तारखा मिळत नाहीत, तर आता शब्द बदलायचा. सुरुवातीला आलेल्या क्लायंट केअर पत्रात फाइलवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठाचं नाव आणि तक्रारीची पद्धत दिलेली असते. आधी त्या वरिष्ठाला लिहा. बरीच प्रकरणं इथेच सुटतात, कारण अनेकदा फाइल हाताळणारी व्यक्ती रजेवर असते आणि फाइल कुणाकडेच सोपवलेली नसते. सुटलं नाही तर विषयात ठळकपणे ‘कम्प्लेंट’ लिहून अधिकृत तक्रार करा. नाराजीचे दहा ईमेल आणि एक तक्रार यांत फरक असा, की तक्रारीवर आठ आठवड्यांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे जाता येतं, फुकट. कार्यालयाच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांत, आणि सर्वसाधारणपणे ज्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ती घडल्यापासून एक वर्षाच्या आत. ते ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतात. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे धावू नये. ती संस्था अप्रामाणिकपणा आणि नियमभंग पाहते, फोन न उचलणं पाहत नाही.

पण आठ आठवडे म्हणजे तुमचे २८ दिवस दोनदा गेले. म्हणून तक्रार ही पैशांसाठी आणि नोंदीसाठी, घर वाचवण्यासाठी नाही. घर वाचवायचं तर त्याच दिवशी बिल्डरच्या सेल्स ऑफिसला लेखी कळवून मुदत मागा आणि मॉर्गेज ब्रोकरला सांगा. ब्रोकरचा फोन सॉलिसिटर उचलतो. सॉलिसिटरला पुढची कामं ब्रोकरकडून हवी असतात.

सॉलिसिटर बदलावा का? एन्क्वायरीज गेलेल्याच नसतील तर खुशाल बदला. नव्या कार्यालयाला पुन्हा ओळख तपासणी करावी लागेल, बँकेला नवी सूचना काढावी लागेल, आणि जुन्याची झालेल्या कामाची फी चुकती केल्याशिवाय तो फाइल अडवून ठेवू शकतो. एक्स्चेंज तोंडावर असेल तर बदलू नका, त्याच्याच वरिष्ठाच्या मागे लागा. एक्स्चेंज झाल्यावर तर नाहीच. मग तुम्ही बांधले गेलेले असता आणि उशिराचं व्याजही तुमच्याच माथी. आणि एक्स्चेंजच्या सुमारास ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला तर पैसे पाठवण्याआधी, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. अशा ईमेलच्या फसवणुकीत लोकांची आयुष्यभराची बचत गेली आहे.

चाव्या हातात आल्यावर लोक सॉलिसिटरला विसरतात, आणि तो लोकांना. त्याचं काम मात्र उरलेलं असतं: इंग्लंडमध्ये १४ दिवसांत कराचं विवरणपत्र आणि नंतर लँड रजिस्ट्रीत अर्ज. नव्या घराचा प्लॉट बिल्डरच्या मोठ्या मालमत्तेतून वेगळा काढायचा असल्याने या नोंदीला वर्षाहून जास्तही लागू शकतं. अर्जाचा क्रमांक मागून ठेवा. नोंद झाली की प्रत्येकी ७ पौंड भरून उतारा आणि नकाशा मागवता येतो. नावाचं स्पेलिंग तपासा, आणि ज्या पार्किंगचे पैसे मोजले ती जागा कागदावर आहे ना, तेही.